रहाडीच्या गल्लीतलं काम आणि त्याचे पैसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधले तिघे तरुण. दोघांनी चित्रकलेची पदवी घेतलेली, तिसरा नाटकांची ध्वनियोजना करणारा. जुन्या नाशकात, जुन्या तांबट लेनच्या आसपास, रहाडीच्या आठवणी आणि तांबटकामाचे आवाज गोळा करायचे आणि तिथल्याच मुलांना सोबत घेऊन गल्लीतच एक प्रदर्शन मांडायचं, असा त्यांचा बेत आहे. खर्च साडेतीन लाख. नोंदणीकृत संस्था नाही. पैसे कोण देईल, अर्ज कसा लिहायचा आणि संस्था काढावी का, असं त्यांनी विचारलंय. सोबत चार पानांचा इंग्रजी मसुदा आणि अर्ध्या पानाचं अंदाजपत्रक जोडलंय.

मी वीसेक वर्षं नाटक करते आणि त्यातूनच वस्त्यांमधल्या कामाकडे वळले. अर्ज पुष्कळ लिहिले, त्यातले बरेचसे परत आले. नंतर काही वर्षं एका निवड समितीवर बसून दुसऱ्यांचे अर्जही वाचले. त्या अनुभवावर लिहिते आहे.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी एक वाक्य. रहाड म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो दगडी हौद. पेशवाईपासूनची परंपरा मानतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन अशा ठिकाणी या रहाडी आहेत, आणि गंमत अशी की वर्षभर त्या रस्त्याखाली झाकलेल्या असतात. वरून स्कूटर जातात, भाजीची गाडी उभी राहते. सणाच्या आधी खणून उघडतात, पूजा होते, मग लोक त्यात उड्या मारतात.

आता उत्तर. आधी अंदाजपत्रकाकडे वळते, कारण मसुद्याच्या चार पानांत जे कळलं नाही ते त्या अर्ध्या पानात कळलं. तुम्ही लिहिलंय: कॅमेरा आणि माइकचं भाडं 60,000, रंग आणि साहित्य 70,000, प्रदर्शन 1,20,000, छपाई 40,000, प्रवास 20,000, इतर 40,000. बेरीज बरोबर आहे. पण तुम्हा तिघांचं मानधन शून्य आहे आणि गल्लीतल्या माणसांसाठीही शून्य. तुम्हाला वाटलं असेल की समिती म्हणेल, काय निःस्वार्थी मुलं आहेत! समिती तसं म्हणत नाही. समितीतला एक जण चष्मा वर करून विचारतो, "ही मुलं आठ महिने खाणार काय?" आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. चौथ्या महिन्यात एकाला पुण्यात नोकरी लागली की काम बसलं. असं बसलेलं काम मी स्वतः पाहिलंय, एकदा तर माझंच होतं.

तेच साडेतीन लाख मी असे मांडले असते. तुम्हा तिघांना आठ महिने दरमहा पाच-पाच हजार, म्हणजे 1,20,000. हे काही पगार म्हणून पुरणार नाहीत, पण पेट्रोल-जेवण निघेल आणि हे आपलं काम आहे याची बांधिलकी राहील. गल्लीतलेच दोन तरुण, शक्यतो एक मुलगी आणि एक मुलगा, समन्वयक म्हणून सहा महिने दरमहा अडीच हजारांवर: 30,000. आठवणी सांगणाऱ्या पंधरा जणांना प्रत्येकी 1,500, म्हणजे 22,500. कारागिरांचे बारा दिवस, दिवसाला हजार: 12,000. उपकरणांचं भाडं 35,000. माइक विकत घ्यायची गरज नाही, नाटकवाल्यांकडे पडून असतात. साहित्य 45,000, प्रदर्शन 45,000. चहा-वडापावचे 10,000, पंचवीस बैठकी आणि बैठकीला चारशे रुपये. गल्लीला देण्याच्या छोट्या पुस्तिकेसाठी 15,000, हिशेब आणि ऑडिटला 8,000, किरकोळला 7,500. करून बघा, 3,50,000 होतात.

कारागिरांच्या बारा दिवसांवर जरा थांबते. तांबट माणूस हातोडा खाली ठेवून तुमच्याशी बोलायला बसतो तेव्हा त्याची मजुरी बुडत असते. मठारायला घेतलेलं भांडं तसंच पडतं, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार असतं. आपण मात्र चहा मागवून "काका, अजून सांगा ना" म्हणत राहतो. तुमच्या मसुद्यात "कारागिरांचा सहभाग" हा शब्द सहा वेळा आलाय. सहभागाला दिवसाचा दर लावला की तो शब्द एकदाच लिहून भागतो.

खूप वर्षांपूर्वी अशाच एका कारागिरांच्या गल्लीत मी रेकॉर्डर घेऊन गेले होते. एका काकांनी मला दारातच विचारलं, "ताई, तुम्ही मागे आला होता त्याच का?" मी नव्हते. म्हणाले, तीन वेगवेगळे गट येऊन गेले, एक कॉलेजचा, दोन कुठले कोण जाणे. त्यातल्या एकांनी त्यांच्या वडिलांना तासभर बोलतं केलं होतं. वडील पुढच्याच वर्षी गेले. "तो आवाज तुमच्यापैकी कुणाकडे तरी असेल. मिळाला तर बघा." नाही मिळाला. मी चार ठिकाणी विचारलं, कुणाच्या हार्डडिस्कवर तो आहे हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अर्जात एक ओळ असते: ज्याचं रेकॉर्डिंग, त्याच्या घरी त्याची प्रत महिन्याच्या आत, आणि त्यासाठीच्या पेनड्राइव्हचा खर्च अंदाजपत्रकात. तुम्ही "डिजिटल संग्रह" असं भारदस्त लिहिलंय. तो संग्रह कुणाच्या घरी राहील ते लिहा.

आता पैसे कोण देतं. सगळे याच प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. योजना आधी सापडते आणि मग तिच्या मापाने कल्पना कापली जाते. तुमचं तसं झालेलं नाही, कल्पना गल्लीतून आलीय, हे चांगलं. पण तुम्ही एकाच मसुद्यावर सगळीकडे अर्ज करणार असं लिहिलंय, ते मात्र करू नका. देणाऱ्यांच्या जाती वेगळ्या असतात.

नोंदणी नसलेल्या तिघांसाठी सगळ्यात जवळचा दरवाजा बंगळूरचा आहे: इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. 1993 साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे, सरकारी नाही, आणि देशभरातल्या कलावंतांना व्यक्ती म्हणूनही अनुदान देते. संशोधन, कलानिर्मिती, कलाशिक्षण, संग्रहालयं असे वेगवेगळे कार्यक्रम आहेत. भारतीय भाषांमध्ये केलेले अर्ज ते घेतात, म्हणजे मराठीत लिहा. तुमचा इंग्रजी मसुदा वाचून मला तुमच्या गल्लीचा वास येत नव्हता. मराठीतलं पत्र मात्र जिवंत होतं. याच संस्थेचा "प्रोजेक्ट 560" नावाचा उपक्रम आवर्जून वाचा. 560 म्हणजे बंगळूरच्या पिनकोडचे पहिले आकडे. तिथल्या पेठा, वस्त्या, बाजार यांच्याशी कलावंतांनी कसं काम करावं यासाठी तो काढला. तो नाशिकसाठी नाही, पण त्यात निवडलेल्या कामांची वर्णनं वाचली की शेजारपाजाऱ्यांसोबतच्या कामाचा अर्ज कसा दिसतो ते कळेल. आपल्या नाशिकच्या 422 साठी कुणी असं काढेल तो सुदिन. दिल्लीच्या फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्टने सार्वजनिक जागेतल्या कलेसाठी अनुदानं दिलेली आहेत, त्यांच्या घोषणांवरही नजर ठेवा.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजना दोन प्रकारच्या. व्यक्तीला मिळणाऱ्या: 18 ते 25 वयोगटासाठी शिष्यवृत्ती, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं, 25 ते 40 साठी कनिष्ठ फेलोशिप, दरमहा 10,000, चाळिशीच्या पुढे वरिष्ठ, दरमहा 20,000. या एकट्याच्या अभ्यासासाठी आहेत, गल्लीच्या कामासाठी नाहीत. तरी तुमच्यापैकी एखाद्याने तांबटकामाच्या नादावर किंवा रहाडींवर फेलोशिपचा अर्ज केला तर दोन वर्षांचा आधार होतो आणि गल्लीतलं काम त्याच्या सोबतीने चालतं. संस्थेला मिळणाऱ्या: सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीसाठीचं अनुदान. यात सर्वसाधारण मर्यादा 5 लाखांची आहे, पण संस्थेची नोंदणी काही वर्षं जुनी लागते आणि स्वयंसेवी संस्थांच्या एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक लागतो. म्हणजे आज तुमच्या उपयोगाचं नाही. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र महोत्सव आणि सादरीकरणासाठी कलावंतांना बोलावतं. तुमचं काम सादरीकरणाचं नाही, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे सामाजिक कामासाठी त्यांनी काढायच्या पैशाबद्दल, तुम्ही लिहिलंय, "सातपूर-अंबडमध्ये एवढ्या कंपन्या आहेत, त्यांना पैसे खर्च करावेच लागतात." अर्धं खरं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक शेड या आकड्यांच्या आसपासही नाहीत. ज्या आहेत त्यांचे निर्णय बहुतेकदा मुंबई-पुण्याच्या मुख्यालयात होतात. इथल्या एचआरच्या साहेबांच्या हातात शाळेला पाण्याची टाकी देण्याइतकंच असतं. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती, पारंपरिक कला आणि हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे तुमचं काम बसतं. पण कंपनी संस्थेमार्फत पैसे देते तेव्हा त्या संस्थेकडे सीएसआर-1 या फॉर्मने केलेल्या नोंदणीचा क्रमांक लागतो, प्राप्तिकर कायद्याखालच्या 12ए आणि 80जी या नोंदण्या लागतात, आणि संस्था कंपनीने स्वतः काढलेली नसेल तर तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. 2021 पासून यात पळवाट नाही.

एक चूक हमखास होते म्हणून सांगते. कंपनीकडे जाताना "प्रायोजक" हा शब्द तोंडातून काढू नका. "तुमचा लोगो मोठा लावू" म्हणालात की कंपनीच्या दृष्टीने ती जाहिरात झाली, आणि जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. गणपती मंडळाच्या कमानीची सवय आपल्याला लागलेली असते, तीच भाषा ओठावर येते. एकदिवसीय कार्यक्रमालाही सीएसआरचा पैसा सहसा मिळत नाही. प्रदर्शनाचा दिवस पुढे न करता मुलांसोबतचे आठ महिने पुढे करा. आणि मार्चमध्ये जाऊ नका. मार्चमध्ये पैसा असतो, पण तो शिल्लक संपवण्याच्या घाईतला. तुमचा विचार करायला कुणाला फुरसत नसते. नव्या वर्षाची आखणी एप्रिल ते जून या काळात होते, तेव्हा जा.

सीएसआरच्या कक्षेत न येणारे छोटे कारखानदार, सराफ बाजारातले व्यापारी, भांडी बाजारातले दुकानदार यांना मी कमी लेखत नाही. माझ्या पहिल्या कामाला पैसे असेच उभे राहिले होते. तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्याला तांबटांच्या गल्लीबद्दल आपलेपणा असतोच. फक्त पावती पुस्तक छापून दारोदार फिरू नका. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क खाली, जी गणेश मंडळं दर वर्षी घेतात. त्यापेक्षा व्यापाऱ्याने वस्तू दिलेली बरी. एकाने तांब्याचा पत्रा द्यावा, एकाने मांडव, एकाने छपाई. आणि याची किंमत लावून अर्जात "स्थानिक योगदान" म्हणून दाखवा. बाहेरच्या देणाऱ्याला या ओळीचं फार वजन वाटतं, कारण गल्लीने आधी हात घातलाय हे त्यातून दिसतं.

परदेशी पैशाबद्दल एका ओळीत. कुणा नातेवाइकाच्या ओळखीने अमेरिकेतली संस्था देते म्हणाली तरी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना सांस्कृतिक कार्यक्रमासाठी परदेशी देणगी घेता येत नाही, व्यक्तीलाही नाही. आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही. तेव्हा हा विषय बंद.

सिंहस्थाबद्दल तुम्ही विचारलंय की महापालिकेकडून काही मिळेल का. 2027 चा कुंभ जवळ आहे, शहरात पैसा खेळतोय, भिंती रंगवायची कामं निघतात. पण ते सुशोभीकरण आहे, म्हणजे कंत्राट. त्याला निविदा, बयाणा रक्कम, जीएसटी क्रमांक आणि चौरस फुटाचा दर. कुणी कलावंत ते करत असेल तर जरूर करावं, पोट भरतं. पण तिथे भिंतीवर काय यायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि गल्लीतल्या आजीला कुणी विचारत नाही. तुमच्या कामाशी त्याची गल्लत करू नका, आणि अर्जात "कुंभमेळ्याच्या पार्श्वभूमीवर" असं तर मुळीच लिहू नका. या दोन वर्षांत नाशिकहून जाणारा निम्मा कागद त्याच शब्दांनी सुरू होतोय, असं मला उगाच नाही वाटत. महापालिकेकडून पैशापेक्षा परवानग्या आणि जागा मागा.

आता अर्ज. तुमचं पहिलं वाक्य मराठीत सांगायचं तर असं आहे: "कलेच्या माध्यमातून समाजात आपल्या समृद्ध वारशाविषयी जनजागृती घडवून आणणे हा आमचा प्रमुख उद्देश आहे." समितीत दिवसभर बसून चाळीस-पन्नास अर्ज वाचणाऱ्याने हे वाक्य त्या दिवशी तीस वेळा वाचलेलं असतं. आणि खरं सांगू? गल्लीला जागं करायची गरज नाही, त्यांना रहाड ठाऊक आहे. जागे व्हायचे ते आपण. त्याऐवजी असं काही लिहा: "येत्या ऑगस्टपासून आठ महिने दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात आम्ही जुन्या तांबट लेनमधल्या एका अंगणात बसणार आहोत. गल्लीतली बाराएक मुलं आपल्याच घरातल्या मोठ्यांना रहाडीबद्दल प्रश्न विचारतील, आवाज टिपतील, चित्रं काढतील. रंगपंचमीच्या आधीच्या आठवड्यात हे सगळं त्याच अंगणात मांडलं जाईल." यात कोण, कुठे, कधी हे आलं. वाचणाऱ्याला अंगण दिसलं. मग दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही तिघंच का, हे लिहा. त्यात पुरस्कार नकोत. तुमच्यापैकी एकाचं आजोळ त्या भागातलं आहे हे तुम्ही पत्रात मला सांगितलंत आणि मसुद्यात गाळलंत. उलट करायला हवं होतं.

ऑगस्ट लिहिलं ते सहज नाही. पावसाळ्यात जुन्या नाशकातल्या वाड्यांची भीती असते. दर वर्षी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात, कुठे ना कुठे भिंत खचते. जुलैत मुलं घेऊन जुन्या वाड्यात बसायचं नाही. हा धोका तुम्ही अर्जातच लिहिलात आणि पर्याय म्हणून जवळच्या शाळेची खोली किंवा मंदिराचा सभामंडप दाखवलात, तर समितीला कळतं की हे लोक तिथे जाऊन आलेत. गोदेला पूर आला की भांडी बाजारापर्यंत पाणी चढतं, हेही वेळापत्रकात धरा.

आणि भिंती. तुम्ही "गल्लीतल्या भिंतींवर" म्हणून मोकळे झालात. भिंत कुणाची? जुन्या वाड्याचे मालक अनेकदा पाच-सात वारस, त्यातले दोन मुंबईला, एक बोलत नाही, आणि राहणारे भाडेकरू तीन पिढ्यांचे. भाडेकरूने हो म्हटलं, मालकाच्या पुतण्याला वाटलं भाडेकरू हक्क दाखवतोय, आणि चित्र राहिलं बाजूला, वकिलाची नोटीस आली. हे माझ्या बाबतीत घडलंय. निम्मी रंगवलेली भिंत चुन्याने पुसावी लागली, आणि सोबत काम करणारी मुलं ती पुसताना बघत होती. तेव्हापासून मी खाजगी भिंतीवर थेट रंग लावत नाही. कापडावर, प्लायवर, पत्र्यावर करा आणि टांगा. तांबटांच्या गल्लीत तांब्याच्या पत्र्यावर काम करायचं सोडून तुम्ही भिंतीवर ॲक्रिलिक का लावताय, हा माझा कलेतला आक्षेपही आहे, पण तो वेगळा विषय. सरकारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूच्या भिंतीला तर खिळाही ठोकायचा नाही.

रहाडीच्या बाबतीत मान हा प्रश्न भिंतीपेक्षा नाजूक आहे. प्रत्येक रहाडीचा मान ठरलेला असतो, पूजा कोण करतं, पहिली उडी कुणाची, रंग कोणता. या गोष्टी वर्षानुवर्षं त्या त्या घरांकडे आणि मंडळाकडे आहेत. तुमच्या मसुद्यात "रहाडीला नवं रूप" असे शब्द आहेत. ते आजच काढा. मानकऱ्यांकडे आधी जा, नारळ घेऊन जा, अर्ज करण्याआधी जा. त्यांचं एक साधं संमतिपत्र, वहीच्या कागदावर, मराठीत, चार सह्यांचं, तुमच्या पहिल्या पानाइतकंच मोलाचं आहे. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची लेखी संमती घ्या: फोटो कुठे वापरणार, नाव छापणार की नाही, नको वाटलं तर कुणाला सांगायचं.

परवानग्यांमध्ये लोक दोन ठिकाणी अडकतात. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी, आणि रात्री दहाच्या आत सगळं बंद. आधी हद्द विचारून घ्या, कारण जुन्या नाशकात भद्रकाली आणि सरकारवाडा या ठाण्यांमध्ये अर्ज इकडून तिकडे फिरवण्यात माझे दोन दिवस गेलेत. दुसरं, तुमच्या ध्वनिवाल्या मित्राने मुलांना घेऊन छोटं नाटक बसवायचं ठरवलं, तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात हे अजून आहे. आठवणी वाचून दाखवायच्या असतील तर त्याला नाटक म्हणू नका, कारण ते नाटक नाहीच.

पैसे आले की खरं काम सुरू होतं, आणि त्याबद्दल तुमच्या मसुद्यात काही नाही. वेगळं बँक खातं उघडा, निदान वेगळी वही. मानधन खात्यावरच द्या. रोखीने द्यायची वेळ आलीच तर एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर नाही. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून सही. पंधराशे रुपये घेणाऱ्या आजीचीही पावती घ्या, अंगठा असेल तर अंगठा, सोबत साक्षीदाराची सही. आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट: पेट्रोल पंप आणि दुकानांतली ती गुळगुळीत कागदाची बिलं. त्यांच्यावरची अक्षरं उडतात. माझ्या एका कामाच्या ऑडिटला मी पिशवी उलटी केली तर पस्तीसेक बिलं कोरी करकरीत. अनुदानाचा दुसरा हप्ता त्यापायी सात महिने अडकला, आणि चूक संपूर्ण माझी होती. बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढून जोडा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. सरकारी अनुदान असेल तर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए नमुन्यात लागतं आणि खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचं व्याजसुद्धा परत करावं लागतं. मानधनावर कर कापायचा की नाही, मिळालेलं अनुदान तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल का, हे एखाद्या सीएला अर्जाच्या आधी विचारा. त्याची फी 8,000 मध्ये धरली आहे.

राहिला संस्थेचा प्रश्न. आत्ता काढू नका. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची तर सात जण लागतात. तिघांनी चार भावंडं-मित्र भरती केले की पुढच्या वर्षी सह्यांसाठी त्यांच्या मागे पळत बसाल. महाराष्ट्रात संस्थेची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही होते. म्हणजे दर वर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आणि एक बदल अर्ज राहिला की पुढचे सगळे रखडतात. कलेपेक्षा फायली वाढतात. या कामापुरती एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेची छत्री घ्या. वाचनालय असो, शिक्षणसंस्था असो, एखादं नाट्यमंडळ असो, ज्यांचं ऑडिट अद्ययावत आहे ते बघा. नावाच्या मोठेपणावर जाऊ नका. त्यांच्याशी एक पानाचा लेखी करार करा: पैसे किती दिवसांत पुढे देणार, व्यवस्थापन खर्च म्हणून किती टक्के ठेवणार, रेकॉर्डिंगवर हक्क कुणाचा, अहवाल कोण लिहिणार. तोंडी ठेवलंत तर प्रदर्शनाच्या दिवशी व्यासपीठावर त्यांचं सगळं विश्वस्त मंडळ बसेल आणि आठवणी सांगणारी आजी तिसऱ्या रांगेत उभी असेल.

या महिन्यात एवढंच करा. मानकऱ्यांना भेटा. दोन शनिवार कुठलाही पैसा नसताना अंगणात बसा, चार मुलं आली तरी चालतील, फोनवरच आवाज टिपा. त्यातली दोन मिनिटं आणि मुलांची दोन-तीन चित्रं अर्जाला जोडा. मग मराठीत नवा मसुदा लिहा आणि मला पाठवायच्या आधी गल्लीत वाचून दाखवा. कुणी मध्येच "अहो, तसं नव्हतं ते" म्हणालं, तर ती दुरुस्ती करून मगच पाठवा.